एकच पावती पडद्यावर, थर्मल प्रिंटरवर, लेझरवर आणि पीडीएफमध्ये : माप कोणते धरावे?

चाळकरी

नमस्कार. गिरगावातील आमच्या चाळीच्या गणेशोत्सव मंडळासाठी वर्गणीच्या पावत्या तयार करणारा एक लहान डेस्कटॉप प्रोग्राम मी सी प्लस प्लस ही भाषा आणि क्यूटी हा विंडो व रेखाटनाचा तयार कोड-संच वापरून लिहीत आहे. पावती चार ठिकाणी उमटायला हवी. नाव आणि रक्कम भरताना ती विंडोतल्या प्रीव्ह्यूमध्ये दिसावी. मंडपातल्या टेबलावर लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या, ८० मिलिमीटर रुंदीच्या रोलवर चालणाऱ्या थर्मल प्रिंटरवर निघावी. मोठ्या देणगीदारांना आडव्या ए-५ कागदावर लेझरने छापून द्यावी. आणि चाळ सोडून डोंबिवली-विरारला गेलेल्या, पण वर्गणी न चुकता पाठवणाऱ्या कुटुंबांना तिची पीडीएफ जावी.

मांडणी मी प्रथम पडद्यावर पिक्सेलमध्ये केली आणि तेच फंक्शन क्यूप्रिंटरवर, म्हणजे क्यूटीच्या छपाईच्या भागावर, चालवले. साध्या मोडमध्ये अक्षरे ओबडधोबड वाटली म्हणून हाय रेझोल्यूशन मोड निवडला, तेव्हा २१० मिलिमीटर रुंदीची पावती कागदाच्या डाव्या कोपऱ्यात जेमतेम ३४ मिलिमीटरची, म्हणजे टपाल तिकिटाएवढी छापली गेली. पीडीएफमध्ये ती त्याच्याही निम्मी झाली. मग प्रिंटरचे ६०० डीपीआय (दर इंचाला ठिपके) आणि पडद्याचे ९६ यांच्या गुणोत्तराने, म्हणजे ६.२५ ने, सगळे रेखाटन मोठे केले. चौकटी जागेवर आल्या, पण ११ पॉइंटची अक्षरे इतकी फुगली की ‘श्री’ या एका अक्षराने अर्धी ओळ व्यापली. शिवाय ‘अक्षरी रुपये’ ही ओळ प्रीव्ह्यूमध्ये एका जागी तुटते आणि कागदावर दुसऱ्याच जागी. सर्वांत गंभीर गोष्ट म्हणजे खजिनदारांनी चाचणीच्या पावत्या मोजल्या तेव्हा १४२ नंतर थेट १४५ क्रमांकाची पावती निघाली होती. मधल्या दोन पावत्या कुठे गेल्या, याचे उत्तर मला सर्वसाधारण सभेपूर्वी हवे आहे.

दोनपैसे

एवढा खटाटोप कशासाठी? विंडोत जी पावती दिसते तिचेच चित्र घ्यावे आणि ते हव्या त्या ठिकाणी पाठवावे. चारही जागी एकच चित्र गेले की मतभेदच उरणार नाही.

रेघोट्या

दोनपैसे यांचा उपाय प्रत्येकाने एकदा करून पाहिलेला असतो. पडद्यावर २१० मिलिमीटरची पावती ९६ डीपीआयने ७९४ पिक्सेल रुंद होते, तर ६०० डीपीआयच्या लेझरला तेवढ्याच रुंदीत सुमारे ४,९६१ ठिपके लागतात. एक पिक्सेल सहा ठिपक्यांवर ताणला की वेलांटीला पायऱ्या पडतात. याच्या उलट, ६०० डीपीआयचे चित्र आधीच तयार करून सर्वत्र वापरायचे म्हटले, तर एका ए-४ पानाला ४,९६० गुणिले ७,०१६ पिक्सेल होतात आणि २४ बिटी रंगात त्यांना सुमारे १०४ मेगाबाइट लागतात. एवढे करूनही त्या पीडीएफमधले नाव निवडता येत नाही की शोधता येत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. १९८५ साली विंडोजची पहिली आवृत्ती आली तेव्हापासून तिच्या जीडीआय या रेखाटन-व्यवस्थेत ‘डिव्हाइस कॉन्टेक्स्ट’ नावाची सोय आहे. प्रोग्रामने ‘रेघ काढ’ एवढेच सांगायचे. ती पडद्यावर काढायची, स्मृतीतल्या बिटमॅपवर काढायची की प्रिंटरवर, हे त्या संदर्भाने आणि त्याच्या ड्रायव्हरने पाहायचे. क्यूटीमध्ये हेच काम क्यूपेंटर आणि क्यूपेंटडिव्हाइस यांच्यात वाटलेले आहे : क्यूपेंटर हा काढणारा हात आहे आणि विजेट, क्यूइमेज, क्यूपिक्चर, क्यूप्रिंटर, क्यूपीडीएफरायटर, एसव्हीजी जनरेटर हे त्याच्यासमोर येणारे निरनिराळे कागद आहेत. कैरो या दुसऱ्या रेखाटन-संचात अशा सोयीला सरफेस म्हणतात, डब्ल्यूएक्सविजेट्समध्ये डीसी, आणि जावात ग्राफिक्स-टू-डी. हे सगळे संच एकाच आज्ञा प्रत्येक कागदावर चालतील असे वचन देतात. मात्र ते वचन आज्ञांपुरते आहे, मापाची जबाबदारी प्रोग्राम लिहिणाऱ्यावरच राहते, आणि आपली पावती नेमकी तिथे अडकली आहे.

आपण ‘१०० एकके उजवीकडे’ म्हणता तेव्हा क्यूटी त्याचा अर्थ त्या त्या उपकरणाचे १०० ठिपके असा घेते. क्यूपीडीएफरायटरचे मूळ रेझोल्यूशन १,२०० डीपीआय असते, म्हणून तिथली पावती लेझरच्या निम्मी झाली. अक्षरे फुगली त्याचे कारण वेगळे आहे. फॉण्टचा आकार पॉइंटमध्ये दिला की क्यूटी त्या उपकरणाचा डीपीआय पाहून तो स्वतःच ठिपक्यांत बदलते. म्हणजे ११ पॉइंटचे अक्षर ६०० डीपीआयवर आधीच योग्य आकाराचे होते. त्यावर आपण ६.२५ ने गुणले आणि ते जवळजवळ ६९ पॉइंटचे झाले. एकाच गोष्टीचे रूपांतर दोनदा झाले.

माझा आग्रह असा, की पिक्सेल आणि पॉइंट दोन्ही बाजूला ठेवून मिलिमीटरचा शंभरावा भाग हेच एकक धरावे. रेखाटन सुरू करताना उपकरणाचा तार्किक डीपीआय भागिले २,५४० एवढे स्केल क्यूपेंटरला एकदाच द्यावे आणि त्यानंतर पुढच्या कोडमध्ये उपकरणाचे नावही येऊ देऊ नये. २१० मिलिमीटर म्हणजे २१,००० एकके. ११ पॉइंट म्हणजे ३.८८ मिलिमीटर, म्हणून फॉण्टला पिक्सेल साइझ ३८८ द्यावी. ती पूर्णांकातच देता येते, त्यामुळे नुसता मिलिमीटर हे एकक भरड पडले असते. जुन्या जीडीआयमध्ये हायमेट्रिक नावाचा मॅपिंग मोड याच मापाचा होता, फक्त त्यात वाय अक्ष वरच्या दिशेने वाढत असे आणि नवख्या माणसाची पहिली ओळ पानाच्या वर निघून जात असे. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये निर्देशांक १६ बिटांचे असल्याने या मापात ३२७ मिलिमीटरच्या पुढे जाता येत नव्हते. ए-४ बसत असे, ए-३ बसत नसे. आज ती अडचण नाही.

क्रमांकाबद्दल विचारतो : पुढचा पावती क्रमांक आपण रेखाटनाच्या फंक्शनमध्येच घेत आहात का?

चाळकरी

होय. पावती काढताना क्रमांक छापायचा असतो, म्हणून डेटाबेसमधून तो तिथेच मागवून एकाने वाढवला होता.

रेघोट्या

मग १४३ आणि १४४ प्रीव्ह्यूने खाल्ले. रेखाटनाचे फंक्शन किती वेळा बोलावले जाईल हे आपल्या हातात नसते. विंडो मोठी केली की ते चालते; प्रिंट प्रीव्ह्यूमध्ये कागद उभा-आडवा केला की क्यूटी पुन्हा पाने मागते. जावाच्या छपाईत तर एकच पान छापण्यासाठी तोच पान क्रमांक एकाहून अधिक वेळा मागितला जाऊ शकतो, असे नियमातच लिहिलेले आहे. क्रमांक, तारीख, वेळ, जमा रक्कम हे सारे आधी ठरवून, एका न बदलणाऱ्या रचनेत भरून रेखाटनाच्या हाती द्यावे. रंगाऱ्याने भिंत रंगवावी, सातबारा बदलू नये.

खिळेजुळारी

मी लोअर परळच्या एका छापखान्यात पूर्वछपाईचे काम पाहतो. सुरुवात हाताने खिळे जुळवण्यापासून केली. प्रोग्रामिंगमधले मला फार कळत नाही, पण अशा प्रोग्राममधून निघालेल्या पीडीएफ आमच्याकडे रोज येतात, म्हणून रेघेच्या जाडीविषयी सांगतो.

एका सोसायटीच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एका तरुणाने स्वतःच्या प्रोग्राममधून सभासदांची यादी काढून दिली होती. पडद्यावर तक्ता स्वच्छ दिसत होता, ऑफिसच्या लेझरवरही रेघा आल्या होत्या. प्लेट काढून छापल्यावर तक्त्याच्या रेघा जणू पुसल्या गेल्या. रेघेची जाडी त्यात शून्य होती. पीडीएफच्या व्याख्येत शून्य जाडी म्हणजे त्या उपकरणाला जमेल तेवढी बारीक रेघ, म्हणजे एक ठिपका. २०३ डीपीआयच्या थर्मलवर एक ठिपका ०.१२५ मिलिमीटरचा, ६०० च्या लेझरवर ०.०४२ चा, आणि छपाईची प्लेट काढणाऱ्या आमच्या २,४०० डीपीआयच्या प्लेटसेटरवर ०.०१ मिलिमीटरचा असतो, जो शाईत टिकत नाही. आम्ही पाव मिलिमीटरच्या खाली जायला सहसा नकारच देतो.

उपकरण कोणतेही असो, पान तेच, ही कल्पना आमच्या धंद्यात पोस्टस्क्रिप्टने आणली. ती भाषा १९८४ ची. दुसऱ्या वर्षी लेझररायटर आला, ३०० डीपीआयचा. तीच फाइल लायनोट्रॉनिक यंत्रावर १,२७० डीपीआयने फिल्मवर निघत असे, आणि लेझरवर पाहिलेला मजकूर फिल्मवर त्याच जागी सापडे. फाइलमध्ये माप इंचाच्या ७२ व्या भागात होते, ठिपक्यांत नव्हते. रेघोट्या जे सांगत आहेत ते त्याच वाटेवरचे आहे.

अजून एक. पावतीपुस्तके ऑफसेटवर छापायची झाली तर काळा मजकूर निव्वळ काळ्या शाईतच राहील असे पाहावे. पडद्याच्या तीन रंगांतला काळा चार शायांत फोडला गेला, तर बारीक अक्षरांच्या कडेला रंगीत सावल्या येतात.

रेघोट्या

खिळेजुळारी काकांच्या अनुभवाला क्यूटीतला दुवा जोडतो. क्यूटी ४ मध्ये मूळ पेनची जाडी शून्य होती, क्यूटी ५ पासून ती १ झाली. जुने कोड नव्यावर आणताना म्हणूनच रेघा बदललेल्या दिसतात. आपल्या एककात मात्र १ म्हणजे ०.०१ मिलिमीटर, म्हणजे काकांच्या प्लेटवरची तीच नाहीशी होणारी रेघ. प्रत्येक पेनला जाडी स्वतः द्यावी. पाव मिलिमीटरसाठी २५.

मात्रावेलांटी

ओळ तुटण्याच्या जागेविषयी आणि थर्मलविषयी लिहितो, कारण या दोन्हींत देवनागरीचा प्रश्न आहे.

प्रथम एक खात्री करावी, की मजकुराची रुंदी अक्षराअक्षराने मोजून बेरीज केलेली नाही. ‘क्ष’, ‘र्‍या’, ‘त्त्व’ यांची रुंदी घटक वर्णांच्या बेरजेएवढी नसते. रफार पुढच्या अक्षरावर जातो, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी येते. संपूर्ण ओळ आकारजुळणी करणाऱ्या इंजिनाला देऊन जे उत्तर येईल तेच धरावे. ‘पंच्याहत्तर’ या शब्दात मधेच ओळ तोडणारे प्रोग्राम मी पाहिले आहेत, त्यामुळे हे मुद्दाम लिहिले.

हे पाळूनही ओळ वेगळ्या जागी तुटते, याचे कारण पडद्यावरील हिंटिंग. ९६ डीपीआयवर ११ पॉइंटचे अक्षर सुमारे १५ पिक्सेलचे होते आणि त्याची रुंदी पूर्ण पिक्सेलांवर आणली जाते. प्रत्येक अक्षरामागे अर्ध्या पिक्सेलपर्यंत फरक पडला तरी ‘अक्षरी रुपये एक हजार एकशे एक मात्र’ एवढ्या ओळीत एक शब्द इकडचा तिकडे जातो. ३८८ च्या आकाराने मोजमाप केले की ही कुरतड नगण्य होते. ओळी एकदाच तोडून ठेवाव्यात आणि सर्व उपकरणांवर त्याच वापराव्यात. प्रीव्ह्यूसाठी वेगळे आणि कागदासाठी वेगळे मोजमाप करू नये. किंमत एवढीच की पडद्यावर अक्षरे थोडी कमी रेखीव दिसतील, आणि ती मोजावी असे माझे मत आहे.

आता थर्मल. अशा प्रिंटरच्या अंगच्या फॉण्टमध्ये देवनागरी सहसा नसते, आणि असली तरी जोडाक्षरांच्या बाबतीत मी तिच्यावर विसंबणार नाही. पावती चित्र म्हणूनच पाठवावी. ८० मिलिमीटरच्या रोलवर छापता येणारी रुंदी साधारणतः ७२ मिलिमीटर असते. दर मिलिमीटरला ८ ठिपके, म्हणजे ५७६ ठिपके. तेवढ्या रुंदीची क्यूइमेज (स्मृतीतले चित्र) घ्यावी आणि तिला दर मीटरला ८,००० ठिपके असे सांगावे. हे सांगितले नाही तर ती पडद्याचाच डीपीआय धरून बसते. सांगितले, की ती आपल्या मिलिमीटरच्या कोडला इतर कोणत्याही कागदासारखी दिसते.

फसगत पुढे होते. चित्र कृष्णधवल करताना क्यूटी मुळात त्रुटी-विसरणाची पद्धत वापरते, म्हणजे करडा रंग विखुरलेल्या ठिपक्यांनी दाखवते. गणपतीच्या चित्राला ते शोभते. अक्षरांच्या मऊ कडा मात्र त्यामुळे राख उडाल्यासारख्या दिसतात. मी मजकुराचे आणि बोधचिन्हाचे थर वेगळे ठेवतो : बोधचिन्ह विखुरलेल्या ठिपक्यांनी, मजकूर अँटीअलायझिंग (कडा मऊ करणे) बंद करून सरळ उंबरठ्याने, म्हणजे ठरावीक छटेपलीकडे काळा आणि अलीकडे पांढरा. ८ पॉइंटचे अक्षर इथे २२-२३ ठिपक्यांत बसते आणि त्यात बारीक फॉण्टची शिरोरेघा एकाच ठिपक्याची उरते, तीही जागोजागी तुटते. मुंबईच्याच ‘एक टाइप’ या गटाने केलेल्या मुक्त फॉण्टची मध्यम वजनाची आवृत्ती ९ पॉइंटच्या वर वापरली, तर पावती आजोबांनाही वाचता येते.

दोनपैसे

माझी चित्राची सूचना मी मागे घेतो, पण तुम्हा सर्वांच्या बोलण्यात एक गृहीत शिरले आहे त्यावर आक्षेप नोंदवतो. ‘एकच पावती चारही ठिकाणी’ हे मुळात खरे नाही. २१० मिलिमीटर रुंदीचा आडवा कागद आणि ७२ मिलिमीटरची उभी पट्टी यांवर एकच मांडणी बसणार कशी? मिलिमीटर धरले म्हणून रोल रुंद होत नाही.

रेघोट्या

आक्षेप योग्य आहे आणि तो मी आधीच लिहायला हवा होता. उपकरणापासून स्वतंत्र असणे आणि कागदाच्या आकारापासून स्वतंत्र असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली संचाकडून मिळते, दुसरी कोणाकडूनच मिळत नाही. तेव्हा मांडण्या दोन असाव्यात, एक ए-५ ची आणि एक पट्टीची, आणि प्रत्येक मांडणी कोणत्याही उपकरणावर उमटू शकावी. पट्टीची मांडणी पीडीएफमध्येही निघाली पाहिजे आणि ए-५ ची पडद्यावरही. ‘प्रिंटर थर्मल असेल तर’ अशी अट रेखाटनाच्या कोडमध्ये दिसली, तर काहीतरी चुकीच्या जागी लिहिले गेले आहे असे समजावे. बोधचिन्हाच्या ठिपक्यांचा निर्णयसुद्धा मी चित्र प्रिंटरकडे पाठवणाऱ्या भागात ठेवेन.

मागे-पुढे विचारणार म्हणून समासाचेही सांगून ठेवतो. लेझर कागदाच्या कडेपर्यंत छापू शकत नाही, आणि क्यूप्रिंटरचा शून्य बिंदू मुळात छापण्याजोग्या भागाच्या कोपऱ्यात असतो, कागदाच्या नव्हे. प्रत्येक प्रिंटरचा समास वेगळा, त्यामुळे प्रिंटर बदलला की सगळी पावती दोन-चार मिलिमीटर सरकते. पूर्ण पान हा पर्याय चालू करून शून्य बिंदू कागदाच्या कोपऱ्यावर आणावा आणि समास स्वतःच्या मापाने सोडावा. मंडळाचे नाव आधीच छापलेले कोरे कागद वापरणार असाल तर हे टाळताच येणार नाही.

ठाणेलोकल

धागा लोकलमध्ये वाचला, म्हणून थोडक्यात. प्रीव्ह्यूमध्ये ‘१०० टक्के’ असे लिहू नका. पडद्याचे ९६ डीपीआय हा संकेत आहे, मोजलेले माप नव्हे. १५.६ इंची, १,९२० गुणिले १,०८० पिक्सेलच्या लॅपटॉपवर दर इंचाला प्रत्यक्षात १४१ पिक्सेल असतात, आणि विंडोजचे स्केलिंग १०० टक्क्यांवर असेल तर २१० मिलिमीटरची पावती तिथे पट्टीने १४३ मिलिमीटर भरते. ‘पानाच्या रुंदीत बसवा’ एवढेच बटण पुरे.

चाळकरी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गेले दहा दिवस संध्याकाळी बसून सगळे पुन्हा लिहिले, म्हणून उत्तराला उशीर झाला.

क्रमांक आता ‘जमा करा’ हे बटण दाबल्यावर एकदाच घेतला जातो आणि रेखाटनाच्या फंक्शनला डेटाबेस दिसतसुद्धा नाही. प्रीव्ह्यू तीस वेळा उघडून-मिटून पाहिला, क्रमांक हलला नाही. १४३ आणि १४४ यांची नोंद ‘चाचणीत रद्द’ अशी वहीत केली असून खजिनदारांनी तिच्यावर सही केली आहे. मोजमाप आणि ओळी तोडणे वेगळ्या भागात नेले; तो भाग प्रत्येक मांडणीसाठी जे ठरवतो तेच सर्व उपकरणांवर रेखाटले जाते. ‘अक्षरी रुपये’ आता त्या त्या मांडणीत सर्वत्र एकाच जागी तुटते.

थर्मलवर पहिल्या दिवशी पावती उजवीकडे कापली जात होती. मी प्रतिमा ६४० ठिपक्यांची घेतली होती, कारण ८० ला ८ ने गुणले होते. कागदाची रुंदी आणि छपाईची रुंदी यांत गल्लत झाली. ५७६ केल्यावर नीट आले. मजकूर आणि बोधचिन्ह वेगळे करण्याचा सल्ला तर फारच उपयोगी पडला. मध्यम वजनाने शिरोरेघा अखंड आली, मात्र ‘ष्ट’ चे पोट ९ पॉइंटलाही भरून जात होते, म्हणून पट्टीवर देणगीदाराचे नाव १० पॉइंटला नेले.

एक गोष्ट मी ऐकली नाही आणि ती अंगाशी आली. प्रीव्ह्यूवर ‘१०० टक्के’ हे शब्द राहू दिले होते. खजिनदार काका बँकेत होते. त्यांनी खिशातली पट्टी काढून लॅपटॉपच्या पडद्यावर धरली, १४३ मिलिमीटर वाचले आणि प्रोग्राम चुकीचा आहे असे कार्यकारिणीपुढे सांगितले. त्यांच्यासमोर लेझरवर पावती छापली. बाहेरची चौकट मी १९० मिलिमीटरची ठरवली होती. त्यांनी ती तीन वेळा मोजली आणि तिन्ही वेळा १९० च भरली. ते शब्द काल रात्री काढून टाकले आहेत.

खिळेजुळारी

चौकटीची रेघ किती जाडीची ठेवली?

चाळकरी

पंचवीस एकके, काका. पाव मिलिमीटर.